तुला कुणी पाठवलं, आक्का?

आक्का,

परवा सरिता वहिनींचा फोन आला होता. इथल्या मराठी मंडळाचा अंक त्या काढतात, तुला आठवत असतील. म्हणाल्या, "विलास, तुझ्या ताईंवर दोन पानं लिही ना. किती गोड होत्या रे! त्या बेटावरच्या रिसॉर्टमधल्या गमतीजमती लिही, वाचायला मजा येईल लोकांना."

मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. मग गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसून राहिलो. गाडी सुरू केली नाही. कुठं जायचं नव्हतंच.

तू आणि दाजी सहा वर्षं पॅसिफिकमधल्या एका बेटावर मिशनरी म्हणून राहिलात. आणि तेवढी सगळी वर्षं मी इथल्या मराठी माणसांना सांगत आलो की माझी बहीण रिसॉर्टमध्ये नोकरीला आहे. हे वाक्य लिहिताना हात अडतो, म्हणून आधीच लिहून टाकलं. आता बाकीचं सावकाश बोलू.

दोन हजार बाराच्या हिवाळ्यात आम्ही ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागातल्या घरात राहायला आलो. नवी वस्ती, झाडं अजून काठीएवढी, सगळी घरं एका साच्यातून काढल्यासारखी. खालची खोली मी तुम्हा दोघांसाठी करून घेतली होती. न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा, कारण दाजींचे गुडघे. खिडकी उत्तरेला, कारण इथं ऊन उत्तरेकडून येतं आणि तुला पाठीवर ऊन घेऊन चहा प्यायची सवय. तू हेन्डरसनच्या वृद्धाश्रमात नर्स, दाजी बसडेपोत मेकॅनिक. दोघांनी आता हळूहळू कामं सोडावीत, माझ्या इराला शाळेतून आणावं, संध्याकाळी अंगणात कोथिंबीर लावावी, असा सगळा बेत होता. बेत माझा. तुम्हाला मी विचारलं नव्हतं.

तू खोली पाहिलीस. दांडा ओढून पाहिलास. "मजबूत आहे," म्हणालीस. आणि वर येऊन चहा गाळता गाळता सांगितलंस की तुम्ही बेटावर चालला आहात. तुमच्या चर्चमध्ये तिकडची बरीच कुटुंबं होती. त्यांच्या बेटावर दवाखाना होता, पण नर्स टिकत नव्हती. चर्चनं तुम्हाला विचारलं होतं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस कसले? राहायला."

मी फार बोलणारा माणूस नाही. औषधाच्या दुकानात उभा राहून दिवसभर बोलतो तेवढंच माझं बोलणं. पण त्या दिवशी मी ओरडलो.

"तिथं जाऊन कुणाला ख्रिस्ती करणार तू? ती माणसं आपल्या आजोबांच्याही आधीपासून ख्रिस्ती आहेत!"

"मी कुठं म्हटलं करणार? त्यांच्याकडं नर्स नाही. मी नर्स आहे."

"मग नर्स म्हण. मिशनरी कशाला म्हणतेस?"

"नर्स काम संपलं की घरी येते," तू म्हणालीस. "आम्ही घरच तिकडं नेतोय."

मग आजोबांचा विषय निघाला. नगरकडच्या आपल्या खेड्यात गोरा साहेब आला, त्यानं आजोबांना शाळेत बसवलं. तू म्हणालीस, "त्यानं बसवलं म्हणून तुला आज औषधांची नावं वाचता येतात. तो साहेबही कुणाचा तरी भाऊ असेल. त्याच्या घरीही असाच कुणीतरी ओरडला असेल." मी म्हणालो, "त्यानं आजोबांचं नाव बदललं. गावानं पाणवठा बंद केला. तेही सांग की." तू म्हणालीस, "पाणवठ्यावर आधी तरी कोण येऊ देत होतं?" यावर मी आवाज वाढवला.

दाजी सोफ्यावर बसून हे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "विलासराव, तुम्ही लोकांना एवढाल्या गोळ्या गिळायला सांगता. आमची एक गोष्ट तुमच्या घशाखाली जाईना होय?"

माझी बायको असून मीनल हसली. मी हसलो नाही. तुम्ही गेल्यावर त्या खोलीत मी ट्रेडमिल ठेवली. त्यावर कुणी चाललं नाही.

पहिल्या रविवारची गोष्ट तू फोनवर सांगितलीस, ती मला आजही अधूनमधून दुकानात उभ्या उभ्या आठवते. तुमचं घर चर्चला लागूनच होतं. सकाळी उपासना झाली, सगळ्या बेटानं तुम्हाला हार घातले, जेवू घातलं. घरी आल्यावर तू काय केलंस? आपल्याकडं आई करायची तेच. रविवारी उपासनेहून आलं की आठवड्याचं धुणं. प्रवासाच्या चादरी, दाजींचे सदरे, परकर, सगळं धुऊन चर्चसमोरच्या दोरीवर वाळत घातलंस आणि दोघं झोपलात.

त्या बेटावर रविवारी कुणी समुद्रात पाय घालत नाही. पोरं पोहायचे टॉग्ज घालून किनाऱ्याकडं वळली तर आज्ज्या काठी घेऊन मागं धावतात. माशाचं जाळं नाही, कुदळ नाही, धुणं तर नाहीच नाही. शब्बाथाची, म्हणजे रविवारच्या विसाव्याची, आज्ञा तिथं जुन्या काळापासून पाळतात. आणि नवे मिशनरी आले आणि पहिल्याच रविवारी त्यांचे परकर चर्चच्या दारात फडफडायला लागले.

"मग?" मी विचारलं. मी रागावलेला होतो हे विसरून विचारलं.

"मग काय. उठून बघते तर दोरी रिकामी. म्हटलं चोरी झाली! हे काठी घेऊन निघाले. सोमवारी सकाळी शेजारची मामा रूटा दारात उभी. तिथं म्हाताऱ्या बाईला मामा म्हणतात. कपडे वाळलेले, घड्या घातलेले, इस्त्री केल्यासारखे. म्हणाली, पाऊस येईल असं वाटलं म्हणून आत घेतले."

"आला होता पाऊस?"

"कुठला! आभाळ कोरडं ठक्क. मला आज्ञा कळली ती बुधवारी, दुसऱ्याच कुणाकडून. विलास, मी तिथं शिकवायला गेले होते रे. त्या बाईनं मला एका शब्दानं लाजवलं नाही."

त्याच वर्षी दिवाळीत मंडळाच्या फराळाला गेलो होतो. कुणीतरी विचारलं, "तुमच्या ताई नाही आल्या?" मी म्हटलं, "ती दोघं आयलंडवर गेलीत." "वा! रिसॉर्टमध्ये जॉब?" आणि मी "हो" म्हणालो.

एवढंच झालं, आक्का. कुणी मला कोपऱ्यात घेतलं नव्हतं. प्रश्नातच उत्तर तयार होतं, मी फक्त मान डोलावली. मग ते वाढत गेलं. दाजींना मी मेंटेनन्सचा मॅनेजर केलं. तुझ्या घरासमोर खाजगी बीच आणला. लोक म्हणायचे, "स्वीट ॲज! आम्हाला डिस्काउंट मिळेल का?" मी म्हणायचो, "सीझनमध्ये कठीण आहे."

का केलं, ते मला चांगलं माहीत आहे. मिशनरी हा शब्द आपल्या मराठी घरांत कुठल्या आवाजात उच्चारतात ते मी पुण्यात कॉलेजला असताना ऐकलं होतं. होस्टेलच्या खोलीत तो शब्द निघाला की मी पुस्तकात डोकं घालायचो. इथं आलो तेव्हा ठरवलं की इथं कोरी पाटी. मंडळात आरतीला टाळ्या वाजवल्या, करंज्या नेल्या, ढोल वाजवला, आणि ते सगळं मला मनापासून आवडतंही. कुणी विचारलं नाही की तुम्ही कोण, आणि मी सांगितलं नाही. आपल्या नाताळाला मी कुणाला घरी बोलावलं नाही. मी खोटं बोलत नव्हतो, खरं बोलायची वेळ तेवढी येऊ देत नव्हतो. मग तू मिशनरी झालीस आणि ती वेळ आली.

तू मात्र तिकडं रुजत चालली होतीस. नगरच्या दुष्काळात वाढलेली तू. तिथं प्यायला पावसाचंच पाणी, छपरावरून पन्हळीनं टाकीत साठवलेलं. पन्हळी फुटक्या, अर्धं पाणी वाळूत. तुला ते बघवेना. "आभाळातून फुकट येतंय आणि ही माणसं निवांत बसलीत!" दाजींना तू शिडीवर चढवलंस. त्यांनी आधी दवाखान्याची पन्हळ बसवली, मग चर्चची, मग शाळेची. गुडघे दुखतात म्हणून मी दांडा बसवला होता तो माणूस छपराछपरांवरून फिरत होता.

अळू तिथं दारोदार. ते लोक अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवतात. तू बेसन नेलं होतंस, वड्या केल्यास, त्या आवडल्या. निरफणस निखाऱ्यावर भाजून त्याचं भरीत केलंस, ते नाही आवडलं. मामा रूटा म्हणाली, "चांगलं फळ होतं. का मारलंस?"

आणि पेटी! दाजींनी हट्टानं पेटी नेली होती. तुमचा विचार होता, आपली मराठी भजनं त्यांना शिकवू. पहिल्याच संध्याकाळी ती माणसं गायला लागली. वाद्य नाही, काही नाही, बायका एका बाजूनं, पुरुष दुसऱ्या बाजूनं, आणि छप्पर उडून जाईल असा आवाज. तू म्हणालीस, "विलास, यांनी पेटीचं झाकण हळूच लावून टाकलं." खाऱ्या हवेनं पुढं तिचे सूर गेले. नंतर त्यांच्याच चालीवर तू आपले शब्द बसवलेस आणि ते तुझ्या मागून मराठीत गायला लागले.

मीनल आणि इरा एकदा येऊन गेल्या. मी रजा नाही म्हणालो. रजा होती. परत आल्यावर इरा आठवडाभर तेच बोलत होती. मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर इंग्रजीत. "बाबा, आत्या डिलिव्हर्ड अ बेबी इन अ बोट! इन अ बोट, बाबा!" मी म्हटलं, "बरं." ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्या इज हीप्स ब्रेव्हर दॅन यू." मी तिला जेवायला बस म्हणालो. पण दुसऱ्या दिवशी दुकानात एका गोऱ्या म्हातारीला मी ते होडीतलं बाळंतपण तिखटमीठ लावून सांगितलं. गोऱ्या लोकांना सांगताना मला काही वाटायचं नाही. त्यांना मी म्हणायचो, "माय सिस्टर इज अ मिशनरी." लाज होती ती फक्त आपल्या भाषेत.

मग तू सुट्टीला आलीस. पाडव्याला मंडळाचं जेवण होतं. मी तुला नेणार नव्हतो, पण मीनलनं परस्पर सांगून टाकलं. गाडीत मी तुला काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या सरिता वहिनींनी तुला गाठलं.

"अय्या, तुम्हीच ना त्या आयलंडवाल्या! किती लकी हो! रिसॉर्ट कसं आहे?"

तू माझ्याकडं पाहिलंस. एकदाच. मी पुरणपोळीचा डबा उघडत होतो, तो उघडेना.

"छान आहे," तू म्हणालीस. "समोरच समुद्र."

"आणि गेस्ट? ऑस्ट्रेलियाचे जास्त असतील ना?"

"छे, जवळपासचेच. बाळंतिणी जास्त."

"बाळंतिणी?" वहिनी हसायला लागल्या. "हनिमूनच्या जागी?"

"हनिमूननंतर वर्षाच्या आत येतातच की त्या."

वहिनी एवढ्या हसल्या की त्यांनी चार जणींना बोलावून तुझी ओळख करून दिली. तू सगळ्यांशी बोललीस. एक शब्द खोटा बोलली नाहीस आणि मला एका शब्दानं उघडं पाडलं नाहीस. परत येताना मोटरवेवर मी वाट बघत होतो की आता तू काहीतरी म्हणशील. तू म्हणालीस, "त्या बाईंच्या पोळीत जायफळ जरा जास्त झालंय." बास. पुढं कधीही तू तो विषय काढला नाहीस, मीही काढला नाही. माफी मागायला माणसाला एखादी फट लागते, आणि तू इतक्या सफाईनं सारवून टाकलंस की फटच उरली नाही. तुझ्यावरचा हा माझा राग अजून आहे, हेही सांगून ठेवतो.

दाजींचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. "विलासराव, आक्का गेली तुमची." सकाळी एका बाईला मोकळी करून, बाळाला पुसून तिच्या कुशीत देऊन, तू हात धुतलेस आणि बाहेरच्या बाकावर बसलीस. परत उठली नाहीस. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घे म्हणून मी तुला किती वेळा बोललो असेन. माझ्या डोक्यात पहिल्यांदा तेच आलं, गोळी घेतली होतीस का. दाजी म्हणाले, "घेतली होती हो. तुमच्या धाकानं रोज घ्यायची."

आम्ही तिघं आलो. छोटं विमान, नारळाच्या दोन रांगांमधली धावपट्टी. मी मनाशी ठरवून आलो होतो की तुला ऑकलंडला न्यायचं. दाजींना तसं म्हटलं. सहा वर्षांत ते काळे झाले होते, बारीक झाले होते, चालत मात्र ताठ होते. म्हणाले, "मला नका विचारू. हिला विचारा." आणि मामा रूटाकडं बोट केलं.

मामा रूटा मला हाताला धरून तिच्या घरासमोर घेऊन गेली. तिथं थडगी अंगणात असतात, ओसरीच्या अगदी पुढ्यात, चुना दिलेली. त्यांवर पोरं बसून खेळत होती. ती म्हणाली, "हा माझा नवरा. ही सासू, फार भांडायची. आणि ही मोकळी जागा माझी. ती आता तुझ्या बहिणीची."

"मग तुम्ही?"

"मी पलीकडं सरकेन."

"पण ती आमची आहे," मी म्हटलं.

"आहेच. म्हणून तर तू आलास."

मी तुला नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तिथले पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, बोलायला उठले. त्यांनी तिकडची रीत सांगितली. बेटावर कुणी राहायला आलं की पहिल्या दिवशी त्याला विचारतात, तुझं ओझं होडीपर्यंत कुणी उचललं? ज्यानं उचललं, त्यानं तुला पाठवलं. त्या माणसाचं नाव सगळे लक्षात ठेवतात. आलेल्या माणसानं चांगलं केलं तर मान त्याला, वाईट केलं तर जाब त्यालाच. पाळक म्हणाले, "ही आली त्या दिवशी आम्ही विचारलं. तिनं भावाचं नाव सांगितलं. आज तो इथं आहे. विलास, तू तुझी बहीण आम्हाला दिलीस."

सगळं चर्च माझ्याकडं वळलं. पाठवणाऱ्यानं उत्तर द्यायचं असतं. मी उभा राहिलो. आयुष्यात कधी चार माणसांसमोर बोललो नाही मी. म्हणालो, "मी नाही पाठवलं. मी तिला जाऊ नको म्हणालो होतो. आणि ती आल्यावर मी माझ्या लोकांना सांगितलं की ती एका हॉटेलात नोकरी करते."

पाळकांनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. मग पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या खुसखुसायला लागल्या. मग मागच्या. मग पुरुषसुद्धा. मला काही कळेना. दाजी मान खाली घालून हसत होते, आणि रडत होते.

मामा रूटा जागेवरूनच म्हणाली, "आम्हाला माहीत आहे. तुझ्या ओरडण्याचंही माहीत आहे, तिनं तुझी नक्कल करून दाखवली होती. हॉटेलाचंही माहीत आहे. तेव्हापासून आम्ही दवाखान्याला हॉटेलच म्हणतो. पोट दुखलं की म्हणतो, चला हॉटेलात." पुन्हा हशा. तो ओसरल्यावर तिनं विचारलं, "ते राहू दे. तिचं ओझं कुणी उचललं?"

तेव्हा मला विमानतळ आठवला. तुम्हाला सोडायला मीच आलो होतो. कितीतरी दिवस तुझ्याशी धड बोललो नव्हतो, गाडीतही रेडिओ लावून ठेवला होता. काउंटरवरच्या मुलीनं पेटी आत न्यायला नकार दिला. मालाबरोबर टाका म्हणाली. आणि तुमच्या जाण्याच्या विरुद्ध असलेला मी, त्या मुलीशी भांडलो. हे वाद्य आहे, हे फुटेल, तुमच्या वरच्या माणसाला बोलवा. वरचा माणूस आला, त्याच्याशीही भांडलो. पेटी सुटली. मग दाजींचे गुडघे नकोत म्हणून ती मी उचलली, दुसऱ्या हातात तुझी बॅग घेतली, आणि पुढं जाऊ देत नाहीत त्या दारापर्यंत आलो. तू म्हणालीस, "ठेव आता. हात दुखतील." मी दोन्ही खाली ठेवून वळलो.

"मी," मी मामा रूटाला म्हणालो.

"मग बस खाली," ती म्हणाली.

आणि मग ते गायले. तुझे मराठी शब्द, त्यांची चाल. आक्का, मी पुष्कळ मोठमोठ्या चर्चमध्ये बसलो आहे. पण आपल्या नगरकडची ओळ भर समुद्रात एवढ्या गळ्यांतून उठताना ऐकली, आणि माझी छाती अशी भरली की रडू बाजूलाच राहिलं. मला उभं राहून ओरडून सांगावंसं वाटलं, ही माझी बहीण आहे. पण तिथं ते सगळ्यांना माहीत होतं. जिथं माहीत नव्हतं, ती माणसं इथं होती.

निघताना धावपट्टीवर एका बाईनं तिची पोरगी माझ्या हातात दिली. नाव विचारलं. "आक्का." तिच्या मागं अजून एक उभी होती, जरा मोठी, पायांत रबरी जँडल्स उलटसुलट घातलेली. तिचंही नाव आक्का. इरा म्हणाली, "बाबा, देअर आर मोअर." दाजी म्हणाले, "अजून आहेत. मी मोजायचं सोडलं." मी त्यांना आमच्याबरोबर या म्हणालो. "पन्हळी कोण बघणार?" एवढंच म्हणाले.

काल मी सरिता वहिनींना फोन केला. जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, एका दमात. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या बाळंतिणी खऱ्या होत्या?"

"हो."

"आणि मी वेड्यासारखी हसत सुटले होते!"

"तीही हसली होती, वहिनी."

मागून त्यांच्या यजमानांचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता. "अरे विलास, म्हणजे तिथं ते धर्मांतर वगैरे करायचे का?"

मी तयारीत होतो. हाच प्रश्न टाळण्यात माझी एवढी वर्षं गेली. म्हणालो, "केलं ना. त्या बेटानं माझ्या बहिणीचं केलं. रविवारचं धुणं सोडायला लावलं, गाणं बदलायला लावलं, घर बदलायला लावलं. तिनं कुणाचं काही बदललं असेल तर पन्हळी."

मंडळातले काहीजण यापुढं कदाचित माझ्याशी जपून बोलतील. काहीजण मुळीच बोलणार नाहीत. माझ्या भीतीनं मी सगळ्यांना एका मापानं मोजलं, ते चूक होतं, एवढं मला कळतंय. वहिनी शेवटी म्हणाल्या, "लिही. काही गाळू नकोस. आणि फोटो पाठव." मी विचारलं, कुठला पाठवू? माझ्याकडं एकच चांगला आहे. चर्चच्या पायऱ्यांवर तू उभी आहेस, पांढरी साडी, आणि डोक्यावर मामा रूटानं विणलेली रुंद काठाची हॅट, तिला शिंपल्यांची माळ. तो आला तेव्हा मी मीनलला म्हणालो होतो, काय हे सोंग. आज सकाळी तो दुकानात काउंटरमागं लावलाय. लोक विचारतात. मी मराठीतही सांगतो.

आजोबांबद्दलचा आपला वाद मात्र मिटलेला नाही. त्या साहेबानं नाव बदलायला नको होतं, यावर मी अजून ठाम आहे. आणि शाळेत बसवलं नसतं तर हे म्हणायला मी नसतो, यावर तू. तू असतीस तर चहा गाळत पुढचं काहीतरी ऐकवलं असतंस, आणि मी आवाज वाढवला असता.

एक राहिलं. मंडळाच्या यादीत माझं नाव विलास एस. पाटोळे असं आहे. एस म्हणजे शंकर, असं कुणीतरी सुरुवातीला धरून चाललं. पुढं एका कार्यक्रमपत्रिकेवर तसं छापूनही आलं, आणि मी ती पत्रिका घरी नेऊन गप्प बसलो. बापाचं नाव मी एका अक्षरात झाकून ठेवलं होतं. वहिनींना सांगितलंय, लेखाखाली मी लिहीन तसंच छापा.

तुझा भाऊ,
विलास शिमोन पाटोळे